काकड भैरव आणि बृहत्काय

डिसेंबर २०२३. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी एक बातमी टाकली. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या नावाचं गाव आहे. नांगराच्या फाळाला लागून वर आलेले गोल दगड तिथले शेतकरी वाडवडिलांपासून बांधावर मांडून पूजत आले. नाव काकड भैरव. तो शिवार राखतो, गुरंढोरं राखतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले शास्त्रज्ञ त्या भागात गेले, त्यांनी दगड पाहिले आणि सांगितलं की ही टायटॅनोसॉर नावाच्या अवाढव्य डायनासोरची अंडी आहेत. बातमीखाली लगेच हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘नवसाला पावणारा डायनासोर.’ ‘नारळ फोडायचा की अंडं?’ एका भाच्याने ऑम्लेटचा फोटो टाकला. हसू मलाही आलं, पण ते गिळल्यावर घशात काहीतरी अडकून राहिलं. याच ग्रुपवर दर चैत्रात आमच्या स्वतःच्या भैरोबाचे फोटो येतात आणि त्यांच्याखाली हात जोडलेले असतात.

आमचा भैरोबा सातारा जिल्ह्यातला. मूर्ती अशी नाहीच, तांदळा आहे, नुसता अनघड दगड. वर चांदीचे डोळे बसवलेत म्हणून तोंड कुठे ते कळतं. शेंदराचे इतके थर चढलेत की आतला दगड कसा आहे, कुणाला ठाऊक नसतं. कधीतरी बऱ्याच वर्षांनी ते शेंदराचं कवच आपसूक सुटून येतं. देवाने कवच सोडलं म्हणतात. गावभर निरोप जातो, गुरव कवच वाहत्या पाण्यात सोडून येतो. मी लहान असताना एकदा असं झालं आणि आजी मला ओढतच देवळात घेऊन गेली. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या फुलांचा कोंदट वास. समईच्या उजेडात देव अगदी उघडा, काळा, अंगावर बारीक बारीक भोकं असलेला. मला मोठी निराशा झाली होती. कारण तसलाच दगड आमच्या गोठ्याच्या भिंतीत होता, विहिरीच्या काठाला होता, आणि आजी ज्याच्यावर टाच घासायची तोही तसलाच होता.

आता कळतं की तो बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ती भोकं म्हणजे लाव्हा थिजताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. आपण बहुतेक सगळे महाराष्ट्रीय या काळ्या कातळावर जन्मतो, त्याच्या मातीत पिकवतो, त्याच्यात लेणी कोरतो, त्याच्यावर किल्ले बांधतो. सह्याद्रीच्या बाजूला हे थर दोन किलोमीटरच्याही वर जाड आहेत. लाव्हा यायच्या आधी इथे जी जमीन होती, तिच्यावर जे कोण चरत होते, पाणी पीत होते, अंडी घालत होते, ते सगळे या कातळाखाली. पुण्यात कुणाच्या पायाखाली डायनासोर असेलही, पण तिथवर जायचं कसं? मुंबईच्या वाट्याला आले ते बेडूक. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधल्या शांत काळात वरळीच्या बाजूला जी तळी साचली, त्यांच्या गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले. १८४७ मध्ये त्यांना नाव दिलं ते रिचर्ड ओवेनने. त्याच्या पाचच वर्षं आधी याच गृहस्थाने ‘डायनासोर’ हा शब्द जगाला दिला होता. तो देणाऱ्याकडून मुंबईला बेडूक मिळावा, हे मला फार मुंबईसारखं वाटतं.

डायनासोर बघायचा तर जिथे हा कातळ विरळ होतो, संपतो, त्या काठाकाठाने जावं लागतं. नर्मदेचं खोरं, गुजरातमधला बालासिनोरचा भाग, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर. कातळाच्या अंगाखालून तिथे एक पांढुरका, हिरवट, कुठे लालसर असा थर बाहेर डोकावतो. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून त्याला लमेटा म्हणतात. भारतातली डायनासोरची गोष्टही तिथूनच सुरू होते. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या कॅप्टन विल्यम स्लीमनला १८२८ मध्ये जबलपुरातल्या बडा शिमला टेकडीवर दगड झालेली मोठाली हाडं सापडली. हाडं कुणाची हे सांगायला तेव्हा शब्दच नव्हता. ती डॉ. स्पिल्सबरीमार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली. हा प्रिन्सेप म्हणजे पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा. अशोकाचे शिलालेख त्याला वाचता आले. या हाडांनी मात्र त्यालाही दाद दिली नाही. शेवटी १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर या जीवाश्म-अभ्यासकाने त्यांचं बारसं केलं: टायटॅनोसॉरस इंडिकस. हे नाव ज्यांवर बेतलं ते होते शेपटीचे मणके. प्रत्येकाला पुढून वाटीसारखा खळगा आणि मागून पुढच्या मणक्याच्या खळग्यात बसेल असा गोल उंचवटा. एवढ्या ऐवजावर एक राक्षस उभा केला गेला.

मग तो ऐवजच हरवला.

चोरीला नाही गेला, फुटला नाही, कुणी परदेशात नेला नाही. कलकत्त्यातच होता आणि दिसेनासा झाला. कित्येक वर्षं तो कुणाच्या हाती लागला नाही. हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ते तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जाऊन त्या खोलीत बसत असे. छतापर्यंत घोडे, त्यांवर लाल कापडात बांधलेले कागदपत्रांचे रुमाल, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि कुठल्याही रुमालावर चापट मारली की कवडशात तरंगणारी धूळ. कुणी अर्जदार वैतागून ‘हरवला म्हणजे काय, साहेब?’ म्हणाला की वडील शांतपणे सांगायचे, हरवलेला कागद कचेरीतच असतो, फक्त त्याला शोधणारा यावा लागतो. टायटॅनोसॉरसला शोधणारे आले ते २०१२ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहाचा धांडोळा घेताना त्यातला एक मणका पुन्हा हाती लागला. शोधणाऱ्यांत धनंजय मोहबे होते. त्यांचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

पण तो मणका परत आला तेव्हा त्याच्या नावाचं वजन गेलेलं होतं. मधल्या काळात जगभर, विशेषतः अर्जेंटिनात, टायटॅनोसॉरांची खाणच लागली. ज्या खळग्या-उंचवट्यावरून लायडेकरने जबलपूरचा प्राणी वेगळा ओळखला, ती खूण निघाली साऱ्या गोताचीच. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या दोन जीवाश्म-अभ्यासकांनी सांगून टाकलं की एवढ्यावरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही स्वतंत्र जात मानता येणार नाही. म्हणजे बघा, अर्जेंटिनोसॉरस घ्या, ३१ ते ३७ मीटर लांब असावा असा पॅटागोटायटन घ्या, या सगळ्या धिप्पाड मंडळींचं आडनाव जबलपूरच्या टेकडीवरून गेलेलं, आणि ज्याच्यावरून ते गेलं तोच आता संशयित. मूळ पुरुषाचाच दाखला ग्राह्य नाही. शास्त्रीयदृष्ट्या निकाल बरोबर असणार, त्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. मनाला मात्र तो लागतो. विसाव्या शतकात त्या बडा शिमलावर आणखी खणलं गेलं असतं, मणक्यांच्या पुढे-मागे काही मिळालं असतं, तर? चार्ल्स मॅटलीने १९१७ पासून तिथे काम केलं, हाडंही पुष्कळ काढली. बरीच मांसभक्षकांची.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट दक्षिणेतली. तमिळनाडूत अरियलूरच्या बाजूला कल्लमेडू नावाचं ठिकाण आहे. यादगिरी आणि अय्यासामी या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या दोघांनी तिथे सापडलेल्या हाडांचं वर्णन १९८७ मध्ये छापलं. नडगीचं हाड दोन मीटर लांब. आपण शेजारी उभे राहिलो तर हाड आपल्या डोक्याच्या वर. तेही गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचंच. नाव ठेवलं बृहत्कायोसॉरस. आधी त्यांनी त्याला मांसभक्षक मानलं होतं, नंतर इतर अभ्यासकांनी तो लांब मानेच्या शाकाहाऱ्यांपैकी असल्याचं म्हटलं. मापं खरी धरली तर पृथ्वीवर चाललेल्या प्राण्यांत याच्याहून मोठा दुसरा नसेल. वजनाचे अंदाज शंभर टनांच्या पुढे जातात. आणि हाडं कुठे आहेत? नाहीत. ती मुळातच ठिसूळ, भुसभुशीत. पावसाने भिजायची, उन्हाने तडकायची. ती हाताळता हाताळता विरून गेली. मागे राहिली काही रेखाटनं आणि मोजमापं. परदेशातल्या काहींनी शंका काढली की हे हाड नव्हतंच, दगड झालेला झाडाचा बुंधा असेल. हा संशय कैक वर्षं टिकला. मग २०२२ मध्ये पाल आणि अय्यासामी यांनी तेव्हाचे, कधी न छापलेले फोटो बाहेर काढले आणि निदान ते हाडच होतं एवढं तरी ठरलं.

जगातला सर्वांत मोठा प्राणी आपल्याकडे सापडला असेल आणि तो आपल्या हातात माती झाला असेल. या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. रागावणं सोपं आहे, पण रागवायचं कुणावर? त्या लोकांनी रणरणत्या उन्हात तो खणून काढला, मोजला, छापला. तेवढंही न होता नांगराखाली गेलेले किती असतील.

सगळंच हरवलं असंही नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडच्या अंगाला, १९६० च्या सुमारास एकाच परिसरात तीनशेच्या आसपास हाडं निघाली, निदान सहा जनावरांची. खणणारी संस्था कुठली, तर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था! तिचे संस्थापक महालनोबिस यांना संख्याशास्त्राच्या घरात भूविज्ञानही हवं होतं. त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि त्यातून तो विभाग उभा राहिला. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून प्राण्याचं नाव बारापासॉरस टागोराय. मोठ्या पायाचा, टागोरांचा. कवटी काही मिळाली नाही. पण बाकीचा सांगाडा त्या संस्थेत आज उभा आहे, आणि तो लमेटातल्या मंडळींच्याही दहा कोटी वर्षं आधीचा आहे. माणसांनी मनावर घेतलं तर काय होतं त्याचा हा नमुना. त्यावर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही, हाच त्याचा मोठेपणा.

मला भुरळ घातली ती वेगळ्याच एका दगडाने. गुजरातमधल्या ढोली डुंगरीचा. मोहबेंनी तो १९८० च्या दशकात काढला. त्यात अंडी होती आणि नुकत्याच अंड्याबाहेर आलेल्या पिल्लाची नाजूक हाडं होती. दगड संग्रहात जाऊन बसला. २००१ मध्ये विल्सन तो बघत होते, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की यातले काही मणके डायनासोरचे नाहीत, सापाचे आहेत. पुन्हा सगळं उलगडून बघण्यात बरीच वर्षं गेली आणि २०१० मध्ये हकिकत छापून आली. साडेतीन मीटरचा साप. त्याने फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेलं, डोकं वेटोळ्यावर टेकलेलं. शेजारी अर्धा मीटर लांबीचं पिल्लू. बहुधा वादळी पावसात वरून गाळाचा लोट आला आणि शिकारी, शिकार, घरटं, सगळं एका झटक्यात गाडलं गेलं. पिल्लाची आई टनावारी वजनाची असणार. ती त्यावेळी कुठे होती कोण जाणे. माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्या सापाचं टेकलेलं डोकं हलत नाही. बृहत्कायाची दोन मीटरची नडगी विरून गेली आणि सापाच्या बरगड्या राहिल्या.

त्याच बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया बाबी गेली कित्येक वर्षं तिथल्या रैयोलीच्या जीवाश्मांची राखण करतात. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी मसाला वाटायला डायनासोरचं अंडं होतं, असा किस्सा त्या सांगतात. यावरही ग्रुपवर हसले असते. मला त्यात वावगं दिसत नाही. गोल, गुळगुळीत, हातात बसणारा दगड. मी असते तर मीही मिरच्या वाटल्या असत्या. पूजा करून असो की वाटण वाटून, तो दगड घरात राहिला. अर्थात हा विचार फार ताणताही येत नाही. पाडल्याचा भैरव भैरव म्हणून कितीही टिकला तरी तो अंडं आहे हे सांगायला लखनौहून माणसं यावी लागली. नर्मदेच्या खोऱ्यातल्या त्याच पट्ट्यात दिल्ली विद्यापीठाच्या लोकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली, तेव्हा कुठे समजलं की या अजस्र माद्या एकाच जागी, जवळ जवळ घरटी करत. इतकी जवळ की पिल्लांकडे लक्ष द्यायला त्यांना पाय ठेवायलाही जागा नसावी. श्रद्धेने दगड राखला, पण मांडणी वाचली दुसऱ्यांनी. आणि बांधावर नेऊन ठेवलेल्या अंड्याचं घरटं कुठलं, शेजारी कोण होतं, हे आता कुणीच वाचू शकणार नाही. दोन्ही खरं आहे.

वरोऱ्याला माझी मावशी असते. मागे तिच्याकडे गेले होते तेव्हा मावसभावाला म्हटलं, पिसदुऱ्याला ने. तो म्हणाला, तिथे काय आहे? मी म्हटलं, शेण. पिसदुरा हे जगातल्या जीवाश्म-अभ्यासकांना माहीत असलेलं चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव आहे आणि ते डायनासोरच्या दगड झालेल्या विष्ठेसाठी माहीत आहे. ज्याच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे त्या पाद्री स्टीफन हिस्लॉपने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथले जीवाश्म गोळा केले. त्याच भागातल्या डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते ८६ या काळात एक चांगला टायटॅनोसॉर निघाला. त्याला आता आयसीसॉरस म्हणतात. पण पिसदुऱ्याची कीर्ती शेणाचीच. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी वगैरेंनी त्यातले दगड फोडून, विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर आत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे, कण निघाले. गवताचे पाचेक प्रकार. तोवर समज असा की डायनासोर संपल्यावर गवताचा जमाना आला. नंतर २०११ मध्ये त्याच थरांतून भाताच्या गोतातल्या गवताच्याही खुणा सापडल्या. हे कण म्हणजे काय, ते उसाच्या नाहीतर भाताच्या पात्याने ज्याचा हात कधी कापलाय त्याला सांगायला नको. पातं कापतं ते त्या वाळूनेच. सगळं पचून गेलं, पचवणारा गेला, ती धार तेवढी राहिली.

गेलो ते दिवाळीनंतरच्या उन्हात. सोयाबीन निघून गेलं होतं, कपाशी फुटली होती. वावराच्या एका अंगाला माती काळी सोडून लालसर होते आणि तिथे ते पडलेले असतात. राखाडी, तपकिरी, मुठीएवढे, काही एका टोकाला निमुळते, काहींवर आडव्या घड्या. मी एक उचलला. उन्हाने तापलेला, हाताला वाटला त्यापेक्षा जड. कसला म्हणून वास नाही. हाड आणि दगड यांतला फरक ओळखायची जुनी युक्ती म्हणजे जिभेला लावून बघणं, हाड सच्छिद्र असल्यामुळे जिभेला चिकटतं. शेजारी पडलेला एक चपटा तुकडा मी पुसून जिभेला लावला आणि तो खरोखर चिकटला. मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, तू दुसरा तर नाही ना चाटणार?’

ज्यांचं वावर होतं ते काका एव्हाना येऊन उभे राहिले होते. डोक्याला दुपट्टा, हातात मोबाईल. आम्ही काय शोधतोय हे त्यांना ठाऊक होतं, असे लोक अधूनमधून येत असावेत. ‘हे तं पायलीनं हायेत जी,’ ते म्हणाले. ट्रॅक्टरच्या रोटावेटरला लागतात म्हणून वेचून बांधाला टाकतो. मी बांधाकडे पाहिलं तर खरंच ढीग होता. शेंदूर नाही, नारळ नाही, बाभळीच्या सावलीत नुसता ढीग. मी त्यांना गवताचं सांगितलं, भाताचंही सांगितलं. त्यांनी एक ढेकूळ उचलून फिरवून फिरवून पाहिलं. भाताचं ऐकून त्यांना गंमत वाटली, त्यांची सोयरीक ब्रह्मपुरीकडची, तिकडे धानच. मग म्हणाले, ‘भाव हाय का याले काही?’ नाही म्हटलं. विकायचंही नसतं. जीवाश्मांच्या जतनासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात एका कायद्याचा मसुदा काढला होता, पण बांधावर उभं राहून कुणाला मसुदा सांगायचा?

‘मंग ठेवू का फेकू?’

ठेवा, मी म्हटलं. आणि उचलण्याआधी कुठे पडलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवत जा.

‘फोटोचं पोरगं करन. पण ठेवू कुठं?’ त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच ठरवलं. विहिरीवर मोटारीची खोली होती, तिच्यात खताची रिकामी पोती होती. ‘तिथं ठेवतो. अवंदाच टीन टाकले, पाणी नाही गळत.’